वाचक विचारतात : समाजभवनाची भिंत आणि सत्तर हात

समाजभवन, विरंगुळा केंद्र, व्यायामशाळा यांच्या भिंती रहिवाशांनी मिळून रंगवायच्या, याबद्दल नागपुरातून आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देतो आहोत. चित्र कोणतं काढावं हे फार थोड्यांनी विचारलंय, आणि ते बरंच झालं. अशी कामं चित्रामुळे क्वचितच बिघडतात. बिघडतात ती भिंतीमुळे, नाहीतर गर्दीमुळे.

आमच्या ले-आउटमधल्या समाजभवनाची मागची भिंत ३० फूट लांब, १० फूट उंच आहे. तोंड पश्चिमेला. वर्षानुवर्षं चुना आणि त्यावर डिस्टेंपर मारलेलं आहे. सगळ्या घरांनी मिळून त्यावर चित्र काढायचं ठरलंय. सामान किती लागेल? मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर केलं तर चालेल का? — त्रिमूर्तीनगर

परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. तोवर पश्चिमेची भिंत दुपारी हात ठेववणार नाही इतकी तापायला लागते. तापल्या भिंतीवर ब्रश टेकला की रंगातलं पाणी लगेच उडतं, रंगाला पसरून भिंत धरायला वेळ मिळत नाही, ब्रशचे पट्टे उठतात आणि पुढे पापुद्रे सुटतात. नागपुरात या कामाचे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतात. पश्चिमेच्या भिंतीवर सकाळभर सावली असते, म्हणून आठ ते साडेबारा काम करा. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा दहाच्या खालीही उतरतो, आणि पाण्यातला ॲक्रिलिक रंग तेवढ्या थंडीत नीट जुळून येत नाही. त्यामुळे संध्याकाळी चारनंतर हात मारायचा नाही.

खरा अडथळा चुन्याचा आहे. चुन्यावर प्रायमर मारला तर प्रायमर चुन्याला घट्ट धरतो, पण चुनाच भिंतीला धरून नसतो. वरचा थर वाळताना आकसतो आणि खालच्या चुन्यासकट सुटून येतो. म्हणून पत्रीने आणि तारेच्या ब्रशने खरडायचं, पाण्याने धुवायचं, तीन-चार दिवस वाळू द्यायचं. मग चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर दाबून चटकन ओढा. पट्टीवर पांढरी भुकटी आली तर पुन्हा खरडा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही, पण तुमच्या एकूण वेळातला निम्मा वेळ इथेच जायला हवा.

त्यानंतर आणखी दोन परीक्षा. हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथलं प्लास्टर काढून नवं करा. नव्या प्लास्टरला रंगाआधी २८ दिवस द्यावे लागतात, त्याआधी त्यातला क्षार रंग खातो. दुसरी परीक्षा ओलीची. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं, तर भिंतीत पाणी आहे. ते कुठून येतंय हे आधी शोधा. बहुतेक वेळा वरची पन्हाळ फुटलेली असते, नाहीतर कुणाच्या तरी कुलरचं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात ठिबकत असतं. ओल तशीच ठेवून चित्र काढलं तर पहिल्याच पावसाळ्यानंतर लोणा धरतो.

आता सामान. भिंत ३०० चौरस फूट. खरडलेली भिंत तहानलेली असते, त्यामुळे डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर लिटरला ७५ चौरस फूट धरा, म्हणजे चार लिटर. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी फक्त खड्ड्यांपुरती, दहा किलो पुरते. सगळ्या भिंतीवर पुट्टीचा जाड थर चढवून गुळगुळीत करायचा मोह आवरा, बाहेरच्या भिंतीवर तोच थर आधी सुटतो. त्यावर पायाचा एक हात, म्हणजे चित्राखालचा सपाट थर: चार लिटर एक्स्टिरिअर इमल्शन, बाहेरच्या भिंतीचा पाण्यातला रंग. तो शुभ्र घेऊ नका, फिकट बिस्किटी घ्या. म्हणजे त्यावर पांढऱ्या खडूची रेघ दिसते. चित्राचे रंग दोन हातांचे सहा लिटर होतात, पण सांडणं, कपात वाळणं आणि मुलांच्या अंगावर जाणं धरून नऊ-दहा लिटर आणा. जमीन, आकाश असा जो सर्वांत मोठा भाग असेल त्याचा रंग तीन लिटर, बाकी एकेक किंवा अर्धा लिटर. एकूण आठ-दहा रंगांच्या वर जाऊ नका.

मागच्या वर्षी आम्ही रविवारी सगळ्यांना बोलावलं. तीस मोठे, चाळीस मुलं. दुपारपर्यंत भिंतीची खिचडी झाली, आणि शेवटी पेंटरकडून सगळं पुसून नव्याने करून घ्यावं लागलं. सगळ्यांना सहभागी करायचं आणि चित्रही नीट व्हायला हवं, हे जमतं का? — नंदनवन

जमतं, पण सगळ्यांनी सगळं करून जमत नाही. कल्पना सगळ्यांच्या, रंग भरणं सगळ्यांचं, रेघ मात्र एका हाताची. एवढी एक वाटणी आधी मान्य झाली की निम्मी भांडणं मिटतात.

कल्पना मागताना 'चित्र सुचवा' असं म्हणू नका. मग सूर्योदय, झाड आणि हातात हात घेतलेली माणसं येतात. नेमका प्रश्न विचारा: या भवनात तुम्ही काय करता? कॅरम, भजनाचे टाळ, शिवणवर्गातली कात्री, लग्नाच्या पंगतीतली पत्रावळ, पोळ्याला पोराने सजवलेला लाकडी बैल. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कागद द्या आणि एकच वस्तू काढायला सांगा. कागद भवनात दोरीवर टांगा आणि प्रत्येकाला तीन टिकल्या द्या, आवडेल त्या कागदावर लावायला. टिकल्यांनी मतदान केलं की कोणाला हात वर करावा लागत नाही, आणि एरवी मीटिंगमध्ये न बोलणाऱ्या बायकांचं मतही मोजलं जातं. देव, पक्ष आणि नेते चित्रात नसतील, हा नियम कागद वाटण्याआधी सांगा. नंतर सांगितला तर तो कोणाविरुद्ध तरी केला असं वाटतं.

निवडलेल्या वस्तू एकत्र बांधून आराखडा करायला चित्रकार लागतो. शासकीय चित्रकला महाविद्यालयातल्या वरच्या वर्गातले विद्यार्थी हे काम करू शकतात, मात्र मानधन द्या. 'मुलांना संधी मिळते' म्हणून फुकट राबवू नका. आराखडा एक इंचाला एक फूट या मापाने, म्हणजे वरच्या पत्रातल्यासारख्या ३० फुटी भिंतीला ३० इंचांचा कागद. कागदावर एकेक इंचाचे चौकोन, भिंतीवर एकेक फुटाचे. भिंतीवर सूत मारायला, म्हणजे पूड लावलेला दोरा ताणून सरळ रेघ उमटवायला, पांढरी खडूची पूड वापरा. गेरू किंवा निळीचं सूत पिवळ्या आणि फिकट रंगातून वर उमटत राहतं. एकसारखा आकार पुन्हा पुन्हा हवा असेल, उदाहरणार्थ बैलांची रांग, तर खाका करा: कागदावर आकृती काढून रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची.

प्रत्येक आकारात खडूने रंगाचा नंबर टाका. तोच नंबर डब्यावर आणि कपावर. कप तिसरा हिस्साच भरा. मुलं कपात पाणी घालतात, ते आधी सांगून थांबवा. पातळ रंग ओघळतो आणि वाळल्यावर हाताला भुकटी लागते. प्रत्येकाला एक इंची चपटा ब्रश आणि एकच रंग. दुसरा रंग हवा तर ब्रशसकट कप बदलायचा.

आता तुमचे सत्तर लोक. एका माणसाला कोपर हलवायला तीन फूट लागतात, म्हणजे ३० फुटांत दहा, नऊच घ्या. नऊ-नऊच्या आठ तुकड्या, प्रत्येकीला ४५ मिनिटं, मध्ये १५ मिनिटं कप-ब्रश बदलायला. आठ ते बारा चार तुकड्या, असे दोन रविवार. तुकडीमागे दोन माणसं नुसती लक्ष ठेवायला, त्यांनी ब्रश धरायचा नाही. सत्तरांना एकाच वेळी बोलावलंत म्हणून खिचडी झाली. लोकांना रंगवता येत नव्हतं म्हणून नव्हे.

साडेसहा फुटांच्या वरचा भाग पेंटरने परांचीवरून आधीच करून ठेवायचा. कारण रंग खाली ओघळतो, काम वरून खालीच यायला हवं. मुलं जमिनीवर उभी राहून पोचतील तेवढंच. स्टुलावर एकही मूल नको, खाली धरायला आई असली तरी. दुसरा हात पुढच्या आठवड्यात, ज्यांचा हात साफ दिसला त्या दहा-बारा जणांकडून. आणि शेवटची काळी किंवा गडद रेघ आराखडा करणाऱ्याकडून. ती रेघ पडली की बाहेर गेलेले रंग, वाकड्या कडा, सगळं आत बसतं. रेघ किमान अर्धा इंच जाड ठेवा, त्याहून बारीक असली तर चुका झाकत नाही.

भिंत खरडायला मुलांची मदत घ्यावी का? — गोधनी

नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्यात, शिसं असू शकतं. खिडक्या-दारांवरचा जुना रंग तर संशयितच समजा. खरडणाऱ्या मोठ्या माणसांनीही भिंत ओली करून खरडावं, मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरून पापुद्रे गोळा करावेत. झाडून नालीत लोटू नयेत.

आमच्या व्यायामशाळेची भिंत दर वर्षी पुट्टी भरून दुरुस्त करतो. मे महिन्यात तीच तडा पुन्हा उघडते. तिच्यावर चित्र काढावं की नाही? — महाल

दोष पुट्टीचा नाही, भिंतीखालची माती हलते आहे. नागपुरातल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वर उभी असलेली हलकी बांधणी तिच्याबरोबर वर-खाली होते. पुट्टी कडक असते, ती ताणली जात नाही. म्हणून दर मे महिन्यात तडा पुट्टीच्या कडेने नवा रस्ता काढते.

तडेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करा, मधलं अंतर मोजून शेजारी तारीख लिहा. दिवाळीत, मे महिन्यात आणि ऑगस्टच्या शेवटी पुन्हा मोजा. अंतर बदललं तर तडा जिवंत आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली असेल, रुंदी पाच मिलिमीटरहून जास्त असेल किंवा आतली फरशीही बसत असेल, तर चित्राचा विचार सोडून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

त्याहून बारीक असेल तर ती कापून सहा-आठ मिलिमीटर रुंद खाच करा, धूळ झटका आणि लवचीक ॲक्रिलिक सीलंट भरा. भरायची वेळ हिवाळ्याची. तेव्हा तडा ना पूर्ण मिटलेली असते ना पूर्ण उघडलेली, त्यामुळे सीलंटला दोन्हीकडे थोडंच ताणावं लागतं. पायाभोवती फरशी घालून पावळीचं पाणी भिंतीपासून दूर काढलंत तर मातीची ही उलाढाल कमी होते.

आणि चित्राची आखणी तडेला विचारून करा. दोन रंगांची हद्द नेमकी तिच्यावरून न्या, किंवा तिथे झाडाची फांदी, नदीचा काठ येऊ द्या. मग पुढे उघडली तरी एक रेघ दुरुस्त करावी लागते. चेहरा किंवा अक्षरं तिच्यावर कधीही नकोत.

विरंगुळा केंद्रातल्या बहुतेकांना उभं राहून रंगवणं झेपत नाही. काहींचे हात थरथरतात. आम्ही नुसतं बघतच बसायचं का? — मानेवाडा

मुळीच नाही. तुमच्यासाठी टाइलच्या तुकड्यांचं मोझॅक रंगापेक्षा चांगलं, कारण ते टेबलावर बसून होतं आणि थरथरणाऱ्या हाताने ठेवलेला तुकडा किंचित तिरपा बसला तरी शोभतो. चंदीगडचं रॉक गार्डन, जे १९७६ साली लोकांसाठी उघडलं, तिथे नेक चंद यांनी फुटकी क्रोकरी, टाइल आणि बांगड्यांच्या तुकड्यांतून काय उभं केलंय ते आठवा.

दहा फूट बाय चार फूट, म्हणजे ४० चौरस फुटांचं चित्र धरू. टाइलच्या दुकानात कोपरे उडालेल्या टाइल स्वस्तात मिळतात. ५० चौरस फूट भरतील एवढ्या घ्या. सगळ्यांची जाडी सारखी बघा. सहा-आठ मिलिमीटरच्या भिंतीच्या टाइलमध्ये फरशीची जाड व्हिट्रिफाइड टाइल मिसळली की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि वर आलेली कड हात कापते. टाइल बारदान्यात गुंडाळून हातोडीचा एक ठोका. हे काम चष्मा लावलेल्या एकाच धडधाकट माणसाचं. तुकडे दीड-दोन इंचांचे ठेवा, त्याहून लहान असले तर थरथरत्या बोटांत धरवत नाहीत. धारदार कडा दगडावर घासून घ्या. रंगवार तुकडे पाट्यांमध्ये निवडणं, हे ज्यांना चिकटवायचंही नसेल त्यांचं काम, आणि ते सर्वांत गप्पांचं.

टेबलावर आधी पूर्ण मापाचं चित्र, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर फायबरची जाळी. तुकडा जाळीवर चिकटवायचा, दोन तुकड्यांत दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून. भिंत घराच्या आत असेल तर साधा पांढरा डिंक चालतो. बाहेर असेल तर तो दमट हवेत पुन्हा मऊ पडतो, म्हणून जलरोधक डिंक घ्या. दोन्ही वेळा फक्त ठिपका लावा. जाळीची भोकं डिंकाने बुजली तर पुढे भिंतीवर लावायचा मसाला (टाइल ॲडहेसिव्ह) तिच्यातून आत शिरत नाही, आणि भिंतीवरून पडलेल्या मोझॅकच्या मागे बहुतेक वेळा हीच चूक सापडते. चित्राचे साधारण दोन-दोन फुटांचे भाग करा, पण सरळ रेषेत कापू नका. आकारांच्या कडेकडेने कापले की सांधा दिसत नाही. प्रत्येक भागावर नंबर आणि वर कुठे त्याचा बाण लिहा, आणि सगळं मांडलेलं असताना वरून फोटो काढून ठेवा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी टेबलाखाली गुडघे जातील एवढी जागा हवी, २८ ते ३० इंच उंची बरी. एका बैठकीला दीड तास पुरे.

भिंतीवर लावायचं काम मिस्त्रीचं. रंग असलेली भिंत असेल तर प्लास्टरपर्यंत खरडावी लागेल. टाइल ॲडहेसिव्ह रंगाला चिकटतं आणि रंग भिंतीला सोडतो, पुन्हा चुन्याचीच गोष्ट. तीन मिलिमीटर थराला २० किलोची पिशवी साधारण ४५ चौरस फूट पुरते, पण मोझॅकच्या उंच-सखलपणामुळे दोन पिशव्या आणा. खाली लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर पहिली ओळ टेकवा आणि खालून वर चढा, म्हणजे ओलं असताना घसरत नाही. दहा मिनिटांत लागेल एवढाच मसाला दातेरी थापीने पसरवा. त्यावर साय धरली, बोट लावून चिकटलं नाही, की तो खरवडून टाका. पाणी शिंपडून जिवंत होत नाही.

२४ तासांनी ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधले सांधे भरायचा मसाला. फुटक्या तुकड्यांत सांधे जास्त, म्हणून आठ-दहा किलो लागतं. राखाडी घ्या, पांढरं वर्षभरात मळतं आणि रंगांना फिकं पाडतं. पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने पुसा, दुसऱ्या दिवशी उरलेली पांढुरकी झाक कोरड्या फडक्याने. ॲसिडने धुवायला कोणी सांगेल. ॲसिड ग्राउटमधलं सिमेंट खातं. बांगड्यांचे तुकडे सुंदर दिसतात, पण हात पोचणार नाही एवढ्या उंचीवरच लावा.

आमच्या भिंतीवरचा लाल रंग दोन उन्हाळ्यांत गुलाबी झाला, आणि ऑइल पेंटने काढलेली अक्षरं सोलून निघाली. दुकानदाराने फसवलं का? — जरीपटका

बहुधा नाही. झगझगीत लाल, राणी, लिंबू पिवळा यांतली अनेक रंगद्रव्यं सेंद्रिय असतात, ती कडक उन्हात मोडतात. फ्लोरोसंट तर सर्वांत आधी. गेरूचा लाल, ऑक्साइडचा पिवळा, काळा आणि क्रोम ऑक्साइडचा हिरवा टिकतात, कारण ते धातूंचे ऑक्साइड आहेत. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला हेच घ्या. लाल तजेलदारच हवा असेल तर तो छोट्या आकारांत वापरा, पुन्हा भरायला सोपं. पांढऱ्या इमल्शनमध्ये बाटलीतला स्टेनर (मिसळायचा घट्ट रंग) ओतून गडद लाल होत नाही. लिटरला ४० मिलिलिटरच्या वर गेलं की रंग नीट वाळत नाही आणि पुसला जातो.

ऑइल पेंट सिमेंटच्या भिंतीवर लावूच नका. सिमेंटचा क्षार तेलाचा साबण करतो, आणि भिंतीतली वाफ बाहेर पडायला वाट न मिळाल्याने फुगे येतात.

परवानगी कोणाची? आणि उद्या नव्या कार्यकारिणीने चित्र पुसलं तर? — लक्ष्मीनगर

भवन तुमचं मंडळ चालवतं म्हणून ते मंडळाचं होत नाही. जागा महापालिकेची आहे की नागपूर सुधार प्रन्यासची, हे करारात बघा आणि मालकाला लेखी अर्ज द्या. सोबत भिंतीचा फोटो, मापं आणि रंगीत आराखडा जोडा. महापालिकेची जागा असेल तर सुरुवात आपल्या झोन कार्यालयातून. तोंडी 'करा, काही हरकत नाही' यावर थांबू नका. परवानगीशिवाय सार्वजनिक दिसणाऱ्या भिंतीवर काही काढण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे.

चित्रकाराचा हक्क वेगळा. भिंतीचा मालक कोणीही असो, प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कर्त्याचा आपल्या कृतीशी असलेला विशेष हक्क शिल्लक राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकलं गेलं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणून एका पानाचा करार करा: चित्र किती वर्षं राखायचं (बाहेरच्या रंगाला पाच-सात वर्षं हा प्रामाणिक आकडा), दुरुस्ती कोण करणार, पुसण्याआधी चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचं, आणि फोटो छापायचा हक्क कोणाला. मुदत लिहिली नाही तर कायदा हक्काचं हस्तांतरण पाच वर्षांचं धरतो.

सोपं म्हणून वारली काढली तर? — धरमपेठ

काढता येईल, पण का? वारली पालघर-ठाण्याच्या पट्ट्यातली. ती सोपी वाटते ती त्रिकोण-त्रिकोणांच्या नकलेमुळे, आणि ती नक्कल शहरातल्या पुलाखाली, शाळेत, दवाखान्यात सगळीकडे झालेली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते ते शहर तुमचं. तान्ह्या पोळ्याचे बैल तुमच्या मुलांना न बघता काढता येतात. तिथून सुरुवात करा.

चित्र झाल्यावर काय सांभाळायचं? — प्रतापनगर

खालचे अडीच फूट चित्रातून वगळा आणि गडद तपकिरी पट्टा मारा. पावसाचे शिंतोडे, गाड्यांचे हँडल आणि खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या तिथेच येतात, आणि तो पट्टा एका लिटरात दर वर्षी नवा होतो. चित्र वाळल्यावर दोन आठवड्यांनी पाण्यातला, उन्हाला टिकणारा पारदर्शक थर एक हात द्या. प्रत्येक रंगाचा पाव लिटर घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरून सावलीत ठेवा, बाटलीवर शेड नंबर आणि चित्रातला नंबर दोन्ही. ब्रश धुतलेलं पाणी ड्रममध्ये रात्रभर बसू द्या. वरचं निवळ शौचालयात ओता, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका. एप्रिलमध्ये कुलर बसवायला लोक येतील, तेव्हा त्या भिंतीवरच्या खिडकीत बसवू नका, आणि बसवलाच तर त्याच्या पाण्याची नळी जमिनीपर्यंत आणा.